सोलापूरच्या हवेत लाकडी फ्लोरिंग : काय बघून घ्यावं, कसं सांभाळावं

सोलापुरात लाकडी फ्लोरिंग करतोय असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न एकच येतो, अगं आपल्या उन्हात टिकणार का ते? प्रश्न अगदी रास्त आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ ला सहज जातो, दुपारची हवा इतकी कोरडी की गच्चीवर टाकलेली धुतलेली चादर बघता बघता खडखडीत वाळते, आणि तीच हवा ऑगस्टमध्ये अशी होते की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. लाकडाला खरा त्रास नुसत्या उन्हाचा नाही, या चढउताराचा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलं लाकूड घ्यायचं, किती जाड घ्यायचं, कधी बसवायचं, कसं पुसायचं, सगळं त्यातनंच निघतं.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, झाड तोडून पन्नास वर्षं झाली तरी त्याचं हे चालूच असतं. हवेची आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडात वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी राहतं, आर्द्रता ३० वर आली की तेच ६ टक्क्यांच्या आसपास येतं. आपल्याकडं गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा, संपली की हवा सुकायला लागते आणि एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता विशी-पंचविशीत येते, म्हणजे लाकूड त्याहून खाली जातं. पाणी गेलं की लाकूड आकसतं, पण सगळीकडनं सारखं नाही, लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत मात्र चांगलंच. जुन्या वाड्यातली दारं पावसाळ्यात अडकतात आणि उन्हाळ्यात मोकळी होतात ती याचमुळं. मग अख्ख्या सागाच्या किंवा ओकच्या जाड फळ्या टाकल्या तर उन्हाळ्यात फळ्यांमध्ये फटी पडणार आणि पावसाळ्यात फळी कडेनं उचलणार, हे ठरलेलं.

म्हणून इंजिनिअर्ड फ्लोरिंग घ्यायचं. यात वर खऱ्या लाकडाचा एक थर असतो आणि खाली प्लायचे पातळ थर एकावर एक चिकटवलेले, एकाचे रेषे उभे तर दुसऱ्याचे आडवे. आपल्या सोलापुरी चादरीत जसा ताणा आणि बाणा एकमेकाला धरून ठेवतात तसंच हे, एका थराला आकसायचं असलं तरी खालचा थर त्याला हलू देत नाही. पूर्ण थांबत नाही, पण अख्ख्या फळीच्या मानानं हालचाल बरीच कमी होते. आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते, चांगलं हार्डवुड फक्त वरच्या तीन-चार मिलीमीटरलाच लागतं. १८ मिलीमीटरची एक अख्खी फळी कापायची तर त्याच लाकडात, करवतीत जाणारा भुसा धरूनही, ४ मिलीमीटरचे तीन तरी थर सहज निघतात. शंभर वर्षांचा ओक तोडायचाच असेल तर त्यातनं एका घराऐवजी तीन घरांची जमीन निघावी, एवढं साधं आहे ते.

खालचा प्लाय कशाचा आहे हेही विचारायचं. आपल्या देशात हरियाणातलं यमुनानगर हे प्लायचं मोठं केंद्र आहे आणि तिथं लागणारं पॉप्लर आणि निलगिरी मोठ्या प्रमाणात शेतकऱ्यांच्या बांधावरनं, शेतातनं येतं, जंगलातनं नाही. रबराचं लाकूडही असंच, चीक देणं कमी झालं की पंचवीस-तीस वर्षांनी झाड काढावंच लागतं, पूर्वी जाळायचे, आता त्याचं लाकूड वापरतात. कोअर, म्हणजे खालचे प्लायचे थर, जर असल्या लाकडाची असेल तर जीवाला बरं वाटतं. बाहेरून येणाऱ्या मालात बर्च, स्प्रूस, पाइन असतं, तेही चांगलं, पण सांगणारा माणूस हवा.

आता बाजारात जो गोंधळ आहे तो आधी मोकळा करते कारण सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. शोरूममध्ये सगळ्यालाच वुडन फ्लोरिंग म्हणतात. लॅमिनेट म्हणजे एचडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या, पाटीवर लाकडाचा फोटो छापलेला कागद आणि त्यावर मेलामाइनचं आवरण, त्याला एसी३, एसी४ असे नंबर असतात, ते झिजेला किती टिकेल त्याचे. वाईट नाही, स्वस्त आहे, पण एकदा वरचं आवरण गेलं की संपलं, घासून पॉलिश करता येत नाही. इंजिनिअर्डमध्ये वरचा थर खरा असतो आणि तो जाड असेल तर घासता येतो. आमच्याकडं एका शोरूममध्ये काउंटरवरच्या मुलाला मी म्हणलं, दादा, याची कापलेली बाजू दाखव ना, तर तो म्हणतो, ताई वरनं बघा की, किती भारी दिसतंय. वरनं सगळंच भारी दिसतं. मी पर्समधनं स्टीलची पट्टी काढली आणि कडेला लावली, तर वरचा थर एक मिलीमीटरला पण पोचत नव्हता, कागदापेक्षा थोडा जाड म्हणा, आणि भाव सांगितला होता जाड थराच्या मालाच्या जवळपास. ०.६ मिलीमीटरपासून ६ मिलीमीटरपर्यंत सगळं मिळतं आणि सगळ्याचं नाव एकच. २ मिलीमीटरला फार तर एकदा हलकं घासता येईल, ३-४ ला दोनदा तरी, ६ ला त्याहून जास्त. माझ्या मते ३ च्या खाली घेऊच नये, आणि बजेट बसत नसेल तर खोली लहान निवडावी, थर पातळ करू नये. दहा-बारा वर्षांनी उखडून फेकायला लागणारी जमीन कुठल्याही लेबलनं पर्यावरणाची होत नाही, तीस-चाळीस वर्षं राहणारी होते.

तो थर कसा काढलाय हे पण बघायचं. लाकूड गोल फिरवून पेन्सिल तासल्यासारखा सोललेला थर असेल तर रेषे मोठे मोठे, पसरलेले दिसतात, आणि कोरड्या हवेत त्याच्यावर बारीक चिरा पडायची शक्यता जास्त. करवतीनं कापलेला थर अख्ख्या फळीसारखाच दिसतो आणि वागतो पण तसाच. आपल्या हवेला करवतीचाच घ्यावा. महाग पडतो, खरंय.

लेबलबद्दल. एफएससी म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप काउन्सिल, १९९३ मध्ये स्थापन झालेली संस्था, जंगल नीट सांभाळून लाकूड काढलंय का हे तपासून प्रमाणपत्र द्यायची व्यवस्था तिची. पीईएफसी म्हणून दुसरी आहे, ती १९९९ ची. एफएससीचं लेबल तीन प्रकारचं असतं, १०० टक्के, मिक्स आणि रीसायकल्ड. मिक्स म्हणजे प्रमाणित लाकडाबरोबर दुसरं नियंत्रित किंवा पुनर्वापराचं लाकूड पण आहे, म्हणजे फसवणूक नाही, पण १०० टक्के पण नाही. लेबलवर झाडाच्या खुणेखाली एक कोड असतो, एफएससी मग सी आणि पुढं सहा आकडे, तो त्यांच्या वेबसाइटवर टाकला की कंपनीचं नाव येतं. दुकानात उभं राहून मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे आणि ते कराच. एका ठिकाणी बोर्डावर मोठं हिरवं झाड छापलं होतं पण पेटीवर कोडच नाही, विचारलं तर म्हणे इम्पोर्टेड माल आहे मॅडम, सगळं एक्स्पोर्ट क्वालिटीच असतं. कोड पेटीवर नसेल तर ते लेबल नाही, चित्र आहे.

बर्मा टीक हा शब्द अजून पण आपल्याकडं सोन्यासारखा वापरतात, आजोबांच्या काळातल्या कपाटांमुळं. पण म्यानमारमधला साग कुठनं, कुणाच्या परवानगीनं येतो हा फार कठीण विषय झालाय, २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपीय संघानं तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. मला तरी तो नको. आपल्याकडचा साग काय कमी आहे? केरळात निलंबूरला १८४० च्या दशकातच सागाची लागवड सुरू झाली, आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा साग तर सगळ्या देशाला माहिती आहे, बल्लारशाच्या डेपोतला साग २०२३ मध्ये अयोध्येला राममंदिरासाठी गेला. राज्याचं वनविकास महामंडळ १९७४ पासून या लाकडाचं काम बघतंय. आणि तांत्रिकदृष्ट्या पण साग आपल्या हवेला जास्त चांगला आहे, ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत व्हाइट ओक रुंदीत साधारण १० टक्के आकसतो, साग ६ च्या आत. ओक कडक जास्त, खुर्ची ओढली तर खड्डा कमी पडेल, पण आपली अडचण खड्ड्याची कमी आणि फटीची जास्त आहे. म्हणून मी साग निवडला, आणि पट्टी अरुंद, पाच इंचाच्या आतली. ते आठ-नऊ इंची रुंद प्लँक फोटोत छान दिसतात, पण जेवढी पट्टी रुंद तेवढी एका जोडावर हालचाल जास्त.

शिसम, रोझवूड कुणी दाखवलं तर थांबून विचारा, ही डालबर्जिया या गटातली, आणि त्या गटातली सगळी झाडं २०१७ पासून साइट्स या वन्यजीव-वनस्पतींच्या कराराच्या यादीत आहेत, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण. बांबूचं फ्लोरिंग पण चांगला पर्याय आहे, बांबू तीन ते पाच वर्षांत तयार होतो आणि २०१७ मध्ये कायदा बदलून जंगलाबाहेरच्या बांबूला झाडाच्या व्याख्येतनं काढलं, त्यामुळं शेतकऱ्याला तोडायला आणि विकायला मोकळीक झाली. फक्त त्यात डिंक कुठला वापरलाय ते बघायचं.

डिंकाची गोष्ट मी मुद्दाम वेगळी सांगते कारण आपण उन्हाळ्यात दारं-खिडक्या बंद करून कूलर नाहीतर एसी लावून बसतो. प्लाय चिकटवायला जो डिंक लागतो त्यातनं फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू निघतो, आणि आयएआरसी या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. उष्णता वाढली की तो जास्त निघतो, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात हा प्रश्न आणखी वाढतो. तो किती निघालेला चालतो याचे दर्जे असतात, युरोपचा ई१ हा किमान दर्जा, अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा कार्ब फेज २ त्याहून कडक, हार्डवुड प्लायसाठी ०.०५ पीपीएमची, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भागाची, मर्यादा. पेटीवर किंवा टेस्ट रिपोर्टमध्ये यातलं काहीतरी लिहिलेलं असायला पाहिजे. नाक हे पण चांगलं साधन आहे, पेटी उघडली आणि डोळे चुरचुरले तर परत करा.

घेण्याआधी तुकडा मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. आम्ही दोन-तीन ठिकाणचे तुकडे आणले, त्यातला प्रत्येकाचा अर्धा पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकला आणि अर्धा एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवून दिला. सोबत मिस्त्रींनी दिलेला अख्ख्या लाकडाचा एक तुकडा पण ठेवला. पातेल्यातनं काढल्यावर एचडीएफ कोअरच्या तुकड्याच्या कडा पावासारख्या फुगल्या होत्या, एका प्लायचे थर पानासारखे सुटे झाले, आणि एक तुकडा होता तसाच, फक्त रंग गडद. गच्चीवरचा अख्खा तुकडा संध्याकाळपर्यंत मधनं वाकून कडा वर आल्या, फरशीवर ठेवला की डुगडुगायचा. मिस्त्री तो बोटानं दाबून म्हणाले, वैनी, आता कुठलं घ्यायचं ते मला विचारू नका, त्यानंच सांगितलं.

आता कुठं बसवायचं. आम्ही फक्त वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना केलं. सासूबाईंनी आधीच सांगितलं होतं, वर काय करायचं ते कर, खालच्या शहाबादला हात लावायचा नाही, आणि मला ते शंभर टक्के पटतं. शहाबाद फरशी इथनं दीडशे किलोमीटरच्या आतनं येते, उन्हाळ्यात पाय टाकला की गार, पाणी ओता, घासा, तिला काही होत नाही. जी जमीन आधीच चांगली आहे ती फोडून वर पर्यावरणपूरक काहीतरी टाकणं हे मला पटत नाही, ती फोडलेली फरशी कुठंतरी जाऊन पडणारच ना. स्वयंपाकघर, बाथरूमलगतची जागा, पुढचं अंगण जिथं रोज सडा-रांगोळी होते, देवघर जिथं तेल-कुंकू सांडतं, तिथं लाकूड नकोच. तळमजल्याला पण मी शक्यतो नको म्हणेन. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खालनं ओल वर चढते, आणि वाळवी तर आहेच. करायचंच असेल तर आधी वाळवीची ट्रीटमेंट आणि खाली जाड प्लास्टिक शीट, त्याशिवाय हात घालू नका. वरच्या मजल्यावर लाकूड घेण्याचं कारण एवढंच की तिथं कडक टाइल होती, मामंजींच्या टाचा दुखायच्या, आणि मी दिवसभर तिथं उभी राहून काम करते.

टाइल पण आम्ही काढली नाही, त्याच्यावरच फोमचं अंडरले, म्हणजे पातळ अस्तर, टाकून फ्लोटिंग बसवलं, म्हणजे खाली चिकटवलं नाही, पट्ट्या एकमेकांत क्लिक होतात आणि सगळी जमीन एक होऊन वर तरंगते. यासाठी खालची जमीन सपाट पाहिजे, दोन मीटरच्या मापाच्या पट्टीखाली तीन मिलीमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर चालताना पट्टी खालीवर होते, कुरकुरते आणि जोड मोडतात. मिस्त्रींनी लांब पट्टी सगळ्या खोलीभर फिरवली आणि जिथं खोलगट होतं तिथं लेव्हलिंग कंपाउंड टाकलं. नवीन कोबा असेल तर वाळायला वेळ द्या, इंचाला एक महिना असा ढोबळ हिशोब धरतात, आणि खात्री करायची तर फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोनी कागद चारही बाजूनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवा, खाली घाम आला किंवा कोबा काळपट झाला तर अजून ओल आहे.

पेट्या आल्या की लगेच बसवू नका, त्याच खोलीत दोन-तीन दिवस आडव्या ठेवा, लाकूड खोलीच्या हवेला सरावू द्या. भिंतीपासून सगळीकडं ८ ते १२ मिलीमीटर जागा सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, पण स्कर्टिंगचा खिळा भिंतीत जायला पाहिजे, फळीत नाही. दाराच्या चौकटीला, पाइपाभोवती, उंबऱ्याला पण तीच जागा. बऱ्याच ठिकाणी कामगार दिसायला छान म्हणून भिंतीला भिडवून घट्ट बसवतात आणि मग जुलैत मधनं जमीन फुगून उठते.

कधी बसवायचं याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर. मेमध्ये बसवलं तर लाकूड सगळ्यात सुकलेलं असतं, पुढं मृग लागला, पाऊस झाला की ते फुगणार आणि कडेची जागा कमी पडली तर उठणार. ऑगस्टमध्ये बसवलं तर लाकूड फुगलेलं, पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या फटी उघड्या. दिवाळी ते संक्रांत हा काळ बरोबर मधला, हवा ना फार ओली ना फार कोरडी. घाई असेल तरी तेवढं थांबाच, कंत्राटदार काहीही म्हणू दे.

सांभाळणं म्हणजे खरं तर हवा सांभाळणं. खोलीत एक डिजिटल हायग्रोमीटर लावा, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवतो, फार महाग नसतो. ३५ ते ६० टक्क्यांमध्ये ठेवायचा प्रयत्न करायचा. इथं आपला डेझर्ट कूलर कामाला येतो, कारण तो ओली हवा सोडतो आणि उन्हाळ्यात लाकडाला तेच पाहिजे असतं. एसी उलटा, हवा आणखी सुकवतो. पण कूलर खोलीत फळीवर ठेवायचा नाही, खिडकीबाहेर स्टँडवर, आणि वारा थेट एकाच जागी जमिनीवर आपटणार नाही असा. कूलरच्या टाकीतनं रात्रभर थेंब थेंब गळतं ते सकाळी दिसतं, तोवर पट्टीच्या जोडात पाणी गेलेलं असतं. पावसाळ्यात उलटं, कूलर बंद, दुपारी खिडक्या उघडून वारं खेळतं ठेवायचं.

पाण्याची दुसरी भीती म्हणजे आपला नळ. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, रात्री-अपरात्री येतं, सगळे टाक्या-पिंप भरायच्या नादात असतात आणि वरची टाकी भरून वाहते. वर लाकूड असेल तर टाकीला बॉल कॉक किंवा अलार्म लावल्याशिवाय झोपू नका, हा खर्च फ्लोरिंगच्या खर्चात धरूनच चला. एक फायदा मात्र मोठा आहे, या जमिनीला बादलीभर पाणी लागतच नाही, आणि सोलापुरात एक बादली वाचणं म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको.

रोज मऊ झाडू किंवा कोरडा मायक्रोफायबर मॉप, बस्स. आपल्याकडची धूळ बारीक आणि कचकचीत असते, पायाखाली ती सँडपेपरचं काम करते, पॉलिशचा खरा शत्रू तीच. दारात दोन पायपुसणी ठेवा, एक बाहेर एक आत. रांगोळी पण लक्षात ठेवा, ती दगडाची भुकटी आहे, पायाला लागून आत आली की ओरखडे पडतात, सणाच्या दिवशी त्या खोल्या दोनदा झाडून घ्या. आठवड्यातनं एकदा मॉप घट्ट पिळून, म्हणजे पिळल्यावर एक थेंब पडला नाही पाहिजे इतका, त्यात पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि सोड्यासारखा खारही नाही अशा, क्लीनरचे थोडे थेंब, पुसून झाल्यावर मिनिटभरात जमीन आपोआप वाळायला पाहिजे, वाळत नसेल तर मॉप ओला आहे. फिनाइल नाही, व्हिनेगर नाही, सोडा नाही, आणि ते वाफेचे मॉप तर अजिबात नाही, वाफ जोडात शिरते. कामाला येणाऱ्या मावशींना हे एकदा शेजारी बसून करून दाखवा, नुसतं सांगून होत नाही, त्यांच्या हाताला वर्षानुवर्षं ओल्या फडक्याची सवय असते आणि ती सवय बाकी घराला बरोबरच आहे.

खुर्च्या-टेबलाच्या पायांना फेल्टचे पॅड, आणि ते वर्षातनं एकदा तरी बदला, त्यात खडे अडकतात. सतरंजीखाली रबराची जाळी टाकू नका, रबराचा डाग पॉलिशवर उमटतो आणि जात नाही. आपली सोलापुरी सुती सतरंजी सगळ्यात उत्तम, श्वास घेते, धुता येते. फक्त पहिले काही महिने सतरंजी आणि पलंग थोडे हलवत राहा, सागाचा रंग उजेडात बदलतो, झाकलेला भाग वेगळा राहिला की चौकोन दिसतो. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा हवाच.

फिनिश दोन प्रकारचं मिळतं. यूव्ही लॅकर, त्यात अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइड असतं, कडक, वर्षानुवर्षं काही करायला लागत नाही, पण ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त होत नाही, सगळी खोली घासावी लागते. दुसरं हार्डवॅक्स ऑइल, वनस्पती तेलं आणि मेण, ते लाकडात मुरतं. मी तेल घेतलं, कारण धुळीच्या गावात ओरखडे पडणारच, आणि तेलाच्या जमिनीवर तेवढाच तुकडा बारीक सँडपेपरनं घासून फडक्यानं तेल लावलं की झालं. येण्याजाण्याच्या वाटेवर वर्ष-दीड वर्षानं एक हात मारायला लागतो, बाकी खोलीला त्याहून उशिरा. एक गोष्ट मात्र कृपा करून पाळा, या तेलात बहुतेक वेळा जवसाचं तेल असतं आणि त्यात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली की ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. काम झालं की फडकी पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा.

माल घेताना दहा टक्के जास्त घ्या आणि उरलेल्या पट्ट्या पेटीसकट, बॅच नंबरसकट, पलंगाखाली आडव्या ठेवा, माळ्यावर नको, पत्र्याखाली तर नकोच. पाच वर्षांनी तोच रंग दुकानात मिळत नाही.

आणि आता पुढचं. सासरच्या गावच्या वाड्याचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, उतरवायचं चाललंय, त्यात सागाच्या तुळया आहेत, वरनं काळ्या पडल्यात पण आत लाकूड मधासारखं आहे, मिस्त्रींनी एका कडेला रंधा मारून दाखवलं. वखारवाला घनफुटाच्या भावानं घेऊन जायला तयार आहे. माझा विचार आहे की ते विकायचं नाही, त्याचे ४ मिलीमीटरचे थर कापून घ्यायचे आणि चांगल्या प्लायवर चिकटवून मामंजींच्या खोलीला तेच टाकायचं, शंभर वर्षांचं सुकलेलं लाकूड, त्याच्यासाठी नवीन झाड तोडायलाच नको. अडचण खिळ्यांची आहे. जुन्या तुळयांमध्ये हातघडीचे खिळे आत मोडून बसलेले असतात आणि एक जरी करवतीला लागला तरी पातं जातं, म्हणून सॉ मिलवाले आधी नाहीच म्हणतात. मिस्त्रींनी हातात धरायचा मेटल डिटेक्टर आणायचा सुचवलंय, खडूनं खुणा करून एकेक खिळा काढायचा आणि मगच मिलला न्यायचं. कुणाच्या ओळखीत बार्शी, पंढरपूर किंवा अक्कलकोटकडं असं पातळ कापून देणारी बँड सॉ, म्हणजे फिरत्या पट्ट्याची करवत, असेल तर मला जरूर कळवा.